हवेचे माप आणि यंत्राचे माप

एखादे नाट्यगृह नव्याने बांधावयाचे किंवा जुने दुरुस्त करावयाचे ठरले, म्हणजे रंगमंचाची रुंदी, खुर्च्यांची संख्या, प्रकाशयोजनेची साधने आणि मोटारी उभ्या करण्याची जागा यांविषयी समितीच्या बैठकींत पुष्कळ ऊहापोह होतो. परंतु ज्या यंत्रावर आठशे माणसांचे तीन तासांचे स्वास्थ्य अवलंबून राहणार असते, त्याचा आकार मात्र बहुधा एकाच वाक्यात निकालात निघतो. दीडशे चौरस फुटांस एक टन, असा हिशेब कोणीतरी तोंडी सांगतो, त्यावर ‘पुढेमागे कमी पडावयास नको’ म्हणून आणखी चतुर्थांश भर घातली जाते, आणि तो आकडा अंदाजपत्रकात कायम होतो. मग पहिला पावसाळा येतो. खालच्या रांगांतील प्रेक्षक थंडीने आखडून बसतात, बाल्कनीत मात्र अंग चिकचिकते, पडद्याला आणि खुर्च्यांच्या कापडाला कुबट वास येऊ लागतो. आणि विजेचे बिल पाहिले तर यंत्र काम करत नाही असेही म्हणता येत नाही. अशा वेळी यंत्र कमी पडते आहे असे सर्वांस वाटते, आणि वस्तुतः ते पुष्कळदा जरुरीपेक्षा मोठे असते.

ज्याला अभियंते एअर हँडलिंग युनिट आणि कामगार नुसते ‘एएचयू’ म्हणतात, ते हे यंत्र म्हणजे दुहेरी पत्र्याची, मध्ये उष्णतारोधक भरण असलेली, लहानशा खोलीएवढी पेटी होय. प्रेक्षागारातून परत आलेली हवा आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा या पेटीत एकत्र येतात, फिल्टरमधून गाळल्या जातात, नंतर तांब्याच्या नळ्या व अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाती यांच्या जुडग्यातून, म्हणजे कॉइलमधून, पार होतात, आणि शेवटी एक मोठा पंखा ती थंड हवा डक्टमध्ये ढकलतो. कॉइलच्या नळ्यांतून वाहणारे थंड पाणी तयार करणारा चिलर गच्चीवर किंवा तळघरात वेगळाच असतो. तो साधारणतः ७ अंश सेल्सियसचे पाणी धाडतो आणि १२ अंशांचे परत घेतो. पेटी स्वतः थंडी उत्पन्न करत नाही. ती हवेतली उष्णता काढून पाण्याच्या स्वाधीन करते, हवेतला ओलावा निथळून टाकते, आणि हवा जेथे हवी तेथे पोहोचवते. ही तीन कामे तीन निरनिराळ्या हिशेबांनी ठरतात, आणि त्या तिन्हींना ‘टन’ या एकाच आकड्यात कोंबणे, हे माझ्या मते बहुतेक सर्व गोंधळाचे मूळ आहे.

या टनाची कथा जाणून घेण्यासारखी आहे. यंत्राने थंडी निर्माण करण्याच्या पूर्वी बर्फ हाच शीतलतेचा व्यापारी माल होता. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तो जहाजाने कलकत्त्यास धाडला, आणि पुढे मुंबईतही त्या बर्फासाठी बर्फघर उभे राहिले. यंत्रे आली तेव्हा त्यांची शक्ती याच मालाच्या हिशेबाने मोजली जाऊ लागली: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच वेळात काढणारे यंत्र एक टनाचे समजावे. आजच्या परिमाणांत हे ३.५१७ किलोवॅट भरते. म्हणजे टन हे केवळ उष्णतेचे माप झाले; हवा किती वाहावयाची आणि तिच्यात बाष्प किती राहावयाचे, याचा त्यात उच्चारही नाही.

आणि नवल असे की, आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मुळी या बाष्पाच्याच प्रश्नातून झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाईचा कागद दमट हवेत फुगे, कोरड्या हवेत आक्रसे, आणि त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. ती अडचण निवारण्यासाठी १९०२ साली विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अभियंत्याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील ओलावा ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याची योजना आखली. १९११ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने हवा, उष्णता आणि बाष्प यांच्या परस्परसंबंधांची सूत्रे मांडली, आणि आजचा अभियंता जो आर्द्रतेचा आलेख टेबलावर पसरून काम करतो, त्याचा पाया याच निबंधात आहे. माणसांच्या सुखासाठी या विद्येचा उपयोग नंतरचा. न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात कॅरियरचे यंत्र बसले ते १९२५ मध्ये. मुंबईचे रीगल १९३३ साली सुरू झाले, तेव्हा वातानुकूलित सभागृह हे त्याचे एक मोठे आकर्षण होते.

बाष्पाचे महत्त्व आपल्या राज्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल, कारण मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे एकाच शासनाखाली असूनही हवेच्या दृष्टीने दोन भिन्न देश आहेत. मुंबईच्या उन्हाळ्यासाठी हिशेब करताना साध्या तापमापकाचे वाचन ३५ अंश आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे सुमारे २८ अंश धरण्याची आपल्या अभियंत्यांची वहिवाट आहे. नागपूरसाठी हेच आकडे अनुक्रमे ४३ आणि २४ च्या आसपास येतात. आता आलेखावर पाहावे. मुंबईच्या त्या हवेच्या एका किलोग्रॅममध्ये २१ ते २२ ग्रॅम बाष्प असते, नागपूरच्या हवेत फक्त १० ते ११ ग्रॅम. आणि आपल्याला सभागृहात जी हवा हवी आहे, २४ अंशांची आणि ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची, तिच्यातही सुमारे १० ग्रॅमच असते. म्हणजे नागपुरात मे महिन्याची हवा आत घेताना केवळ तिची आग विझवावयाची आहे, ओलावा जवळजवळ काढावयाचाच नाही. मुंबईत मात्र प्रत्येक किलोग्रॅममागे ११ ग्रॅमहून अधिक पाणी निथळून काढले पाहिजे, आणि बाष्पाचे पाणी होताना जी अप्रकट उष्णता बाहेर पडते, तीही कॉइलनेच उचलली पाहिजे. परिणामी मुंबईच्या ३५ अंशांच्या हवेचा एक किलोग्रॅम आत घेण्यास सुमारे ४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, त्यातली तीसच्या घरात ओलाव्याची. आणि नागपूरच्या ४३ अंशांच्या हवेला सुमारे २० पुरतात. तापमापकाकडे पाहून यंत्र निवडणाऱ्यास ही गोष्ट कधीही सुचणार नाही.

हे सर्व एका नाट्यगृहावर लावून पाहू. मुंबईच्या उपनगरात आठशे आसनांचे, रंगमंच धरून ९०० चौरस मीटर क्षेत्रफळाचे एक सभागृह आहे असे समजावे. स्वस्थ बसलेला प्रेक्षक शरीरातून साधारणतः ७० वॅट प्रकट, म्हणजे तापमान वाढवणारी, उष्णता आणि घाम व श्वास यांच्या बाष्परूपाने ३५ वॅट अप्रकट उष्णता सोडतो. आठशे प्रेक्षकांचे अनुक्रमे ५६ आणि २८ किलोवॅट होतात. रंगमंचावरचे दिवे २० किलोवॅट आणि छत व भिंतींतून येणारी उष्णता १५ किलोवॅट धरली, तर सभागृहातील प्रकट उष्णता ९१ किलोवॅट भरते. हवा १३ अंशांवर सोडून सभागृह २४ अंशांवर राखावयाचे, म्हणजे प्रत्येक लिटर हवेला ११ अंशांची वाढ सोसण्याची मुभा आहे. दर सेकंदास एक लिटर हवा दर अंशास १.२ वॅट वाहून नेते, या प्रमाणाने भागाकार केला की दर सेकंदास सुमारे ६,९०० लिटर, किंवा बाजारात आजही रूढ असलेल्या परिमाणात १४,६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), एवढी हवा लागते. पंखा, डक्ट आणि कॉइलचा दर्शनी आकार या आकड्यावरून ठरतात. यात टन कोठेही आलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

आता ताजी हवा. सर्वत्र मान्य असलेल्या अमेरिकी मानकाप्रमाणे सभागृहात दर माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर ताजी हवा द्यावयाची. आपल्या उदाहरणात ती सुमारे २,३०० लिटर, म्हणजे एकूण हवेच्या तृतीयांश होते. ही हवा मुंबईची आहे, तेव्हा तिच्यासाठी किलोग्रॅममागे ४० किलोज्यूल या दराने जवळजवळ ११० किलोवॅट खर्ची पडतात. सभागृहातील प्रकट व अप्रकट उष्णता मिळून ११९ आणि पंख्याची स्वतःची उष्णता ८ यांत ते ११० मिळवले की बेरीज २३७ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६७ टन. कॉइलवरच्या एकंदर भाराचा जवळजवळ अर्धा हिस्सा अशा रीतीने माणसांचाही नाही, दिव्यांचाही नाही, तर दाराबाहेरच्या हवेचा आहे! नागपुरात हेच सभागृह बांधले तर ताज्या हवेचा भार निम्म्याने उतरतो आणि बेरीज ५२ टनांच्या आसपास थांबते. दीडशे चौरस फुटांच्या त्या तोंडी हिशेबाने मात्र दोन्ही शहरांत ६५ टन येतात: मुंबईत ते योगायोगाने जुळतात, म्हणून त्या हिशेबाची प्रतिष्ठा वाढते, आणि नागपुरात तोच हिशेब चतुर्थांशाने चुकतो.

याहून मोठी चूक पुढे होते. टनेज ठरल्यावर हवेचे प्रमाण काढण्यासाठी दुसरा एक तोंडी नियम हाताशी असतो: टनास ४०० सीएफएम. घरगुती यंत्रांपुरता तो ठीक आहे, कारण त्यांत बाहेरची हवा बहुशः नसतेच; परंतु आपल्या ६७ टनांस तो लावला की २६,८०० सीएफएमचे यंत्र मागवले जाते, आणि ते गरजेच्या जवळजवळ दुप्पट होते. इतकी हवा सभागृहात सोडावयाची आणि तापमान २४ अंशांखाली उतरू द्यावयाचे नाही, तर ती १८ अंशांवर सोडावी लागते. आणि १८ अंशांची हवा कॉइलवर पुरेशी निथळत नाही. थंड पाण्याच्या तांब्यावर दव धरते ते तांब्याचा पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली गेलेला असतो म्हणून. सभागृहातील हवेचा ओलावा १० ग्रॅमवर आणावयाचा तर कॉइलमधून निघणारी हवा १२-१३ अंशांइतकी थंड झालीच पाहिजे. मोठ्या यंत्रात ती तशी होत नाही, आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास चढते, प्रेक्षक कुरकुरतात, चालक तापमान २१ वर आणतो, आणि मग थंडीही वाजते व अंगही चिकटते. पहिल्या परिच्छेदात ज्या तक्रारी सांगितल्या त्यांचा उगम बहुधा येथे असतो. योग्य यंत्र येथे टनास सव्वादोनशे सीएफएमहूनही कमी हवा देते, परंतु त्याची कॉइल खोल, सहा ते आठ ओळींची असते. भरलेल्या प्रयोगाच्या वेळी ते ताशी सुमारे दीडशे लिटर पाणी हवेतून काढते. हे पाणी वाहून जाण्याची तरतूद हीदेखील क्षुल्लक बाब नव्हे: पंख्याच्या ओढीमुळे पेटीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे निचऱ्याच्या नळाला पुरेशा खोलीचा पाणबंद वळसा नसेल तर पाणी बाहेर न पडता कॉइलखालच्या ताटातच साचते आणि त्यात बुरशी वाढते.

आणि भरलेले प्रयोग तरी किती? नाट्यव्यवसायाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना जुलै महिन्यातील बुधवारच्या रात्री तीनशे प्रेक्षकांपुढे केलेले प्रयोग चांगले ठाऊक आहेत. त्या रात्री बाहेर तापमान २७ अंश असते, उष्णता उतरलेली असते, पण हवेतला ओलावा मे महिन्याइतकाच राहिलेला असतो. मोठ्या यंत्राला सभागृह थंड करण्यास काही मिनिटे पुरतात. मग तापमापक समाधान पावतो, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मिटत जातो, कॉइल कोमट होते, आणि पंखा मात्र बाहेरची ओली हवा आत लोटतच राहतो. जादा टनेज म्हणजे जादा सुरक्षितता, ही समजूत या ठिकाणी पूर्णपणे खोटी ठरते. ज्या यंत्राला वर्षातील अधिकांश काळ आपल्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालावयाचे आहे, त्याची निवड करताना पूर्ण भाराइतकाच अल्प भाराचाही विचार झाला पाहिजे, आणि निविदेत तो मागितला पाहिजे.

म्हणून मी एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्यांच्या पक्षाचा आहे. एक खालच्या प्रेक्षागारासाठी व एक बाल्कनी आणि रंगमंचासाठी, अशी वाटणी केली तर बाल्कनी बंद असलेल्या रात्री अर्धे यंत्र बंद ठेवता येते, गरम हवा वर चढून जेथे साठते तेथे स्वतंत्र उपाय होतो, आणि एक पेटी नादुरुस्त झाली तरी प्रयोग रद्द करावा लागत नाही. पंख्याच्या मोटरीला वेग बदलणारे साधन, ज्याला सर्वत्र व्हीएफडी म्हणतात, ते जरूर असावे. कारण पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरला की हवा तितकीच उतरते, पण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरत असल्यामुळे जवळजवळ निम्म्यावर येते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक लावून प्रेक्षकसंख्येप्रमाणे ताजी हवा कमीअधिक करता आली, तर पावसाळ्यातील निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. या साधनांवर होणारा खर्च जादा वीस टन विकत घेण्याच्या खर्चापेक्षा अधिक सार्थकी लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीचा प्रत्यक्ष आकार कसा निघतो, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कॉइलसमोर हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर पात्यांवर जमलेले थेंब वाऱ्याबरोबर डक्टमध्ये उडून जातात. ६.९ घनमीटर हवेला अडीचने भागले की कॉइलचे तोंड सुमारे २.८ चौरस मीटर, म्हणजे दोन पेट्यांत प्रत्येकी सुमारे १.४ चौरस मीटर येते. पंख्याचे बळ ठरवताना डक्टचा, ग्रिलचा आणि कॉइलचा अवरोध तर धरावाच, पण फिल्टर स्वच्छ असतानाचा नव्हे तर धुळीने भरल्यानंतरचा अवरोध धरावा, कारण तो सहज दुप्पट होतो. आपल्या सभागृहाला एकूण ९०० पास्कल दाब धरला तर दोन्ही पंखे मिळून सव्वानऊ ते साडेनऊ किलोवॅट शक्ती लागेल. लहान पेटी घेऊन वेग वाढवणारा कंत्राटदार स्वस्तात काम करून दाखवतो, परंतु त्याची किंमत पुढे वीस वर्षे विजेच्या रूपाने आणि आवाजाच्या रूपाने चुकती करावी लागते. आवाजाचा मुद्दा तर नाट्यगृहात प्राणभूत आहे: नटाने हलक्या स्वरात उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेत पोहोचावयाचा असेल, तर हवेचा वेग डक्टमध्ये मंद आणि ग्रिलपाशी त्याहूनही मंद असला पाहिजे, आणि त्यासाठी डक्ट रुंद लागतात, ज्यांची जागा वास्तुशिल्पकाने पहिल्याच आराखड्यात राखून ठेवली पाहिजे. यंत्राच्या खोलीचेही तसेच. कॉइल कधीतरी बाहेर ओढून बदलावी लागते, तेव्हा पेटीच्या बाजूला निदान तिच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. ती नसली म्हणून भिंत फोडावी लागल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ताजी हवा ओढण्याचे तोंड प्रसाधनगृहाच्या किंवा उपाहारगृहाच्या धुराड्यापासून दूर असावे, हे सांगावयास नको.

नाट्यगृहांच्या समित्यांवर, नगरपालिकांच्या स्थायी समित्यांत, शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांत जे सद्‌गृहस्थ आणि भगिनी बसतात, त्यांतील थोड्यांनाच हे गणित स्वतः करता येईल, आणि त्यांनी ते करावे अशी अपेक्षाही नाही. पण मंजुरीची सही करण्यापूर्वी सल्लागाराकडून उष्णताभाराचा लेखी तक्ता मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्या तक्त्यात प्रकट उष्णता, अप्रकट उष्णता, ताज्या हवेचे प्रमाण आणि एकूण हवा हे आकडे वेगवेगळे दाखवलेले असावेत, आणि पावसाळ्यातील अर्ध्या रिकाम्या सभागृहाचा हिशेब त्यांच्या शेजारी असावा. काम पुरे झाल्यावर प्रत्येक ग्रिलपाशी हवा मोजून तिची नोंद तक्त्यातील आकड्यांशी ताडून घ्यावी, शक्य तर ही तपासणी पावसाळ्यात करावी, आणि ती समाधानकारक होईपर्यंत कंत्राटदाराचे अखेरचे बिल अदा करू नये.